काट्यावर न दिसणारी प्रत : कठीण विषय, सोपे विषय आणि पुढच्या कॉलेजाचा प्रवेश



दहावीचे परीक्षाफळ लागले की आमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर पालकांची गर्दी होते. पेढे येतात, आणि पेढ्यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो. विचारणारी बहुधा आई असते. "सर, हिला गणित जड जातं. अकरावीत गणित सोडलं तर टक्के वाढतील ना?" आजवर आम्ही याला "हो, वाढतील" असे उत्तर देत आलो. उत्तर खोटे नव्हते. टक्के खरेच वाढतात. पण आईचा प्रश्न टक्क्यांचा नसतो, पुढे चांगल्या कॉलेजात जागा मिळेल का याचा असतो, आणि त्याचे उत्तर आम्ही दिलेलेच नसायचे. या अंकात ते देण्याचा प्रयत्न करतो. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. तेव्हा वाक्याला कुठे हिंदी वळण लागले तर आपल्या मराठीच्या बाईंनी लाल शाई जरा जपून वापरावी ही विनंती.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. वडील इथेच एका आडतीवर मुनीम. दहावीत बाकी सगळ्या विषयांत ऐंशीच्या वर आणि गणितात अठ्ठावन्न. गणित तिला आवडत नव्हते असे मुळीच नाही. हळू सोडवायची, पण सोडवायची. आम्ही तिच्या वडिलांना बोलावून सांगितले की गणित घेतले तर बारावीला सत्तरच्या खाली येईल, त्यापेक्षा जीवविज्ञान घेऊ द्या. त्यांनी ऐकले. बारावीला तिला शहाऐंशी टक्के पडले आणि तिचे नाव दाराजवळच्या फलकावर लागले. सगळे खुश, आम्ही सर्वांत जास्त.

पुढे तिने बीएस्सी केली, तीही चांगल्या गुणांनी. शेवटच्या वर्षात असताना तिला कळले की बीएस्सी झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. नियमांच्या कागदाची झेरॉक्स घेऊन ती शाळेत आली आणि म्हणाली, "सर, यात पंचेचाळीस टक्के मागताहेत, माझे चौऱ्याहत्तर आहेत. मग माझा फॉर्म का घेत नाहीत?" आम्ही कागद वाचला. अडचण त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात होती. बीएस्सी पंचेचाळीस टक्क्यांनी उत्तीर्ण, आणि बारावीला गणित विषय घेतलेला असावा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, म्हणजे एआयसीटीईचा हा नियम देशभर आहे. तो आम्हाला तेव्हा माहीत नव्हता, आणि हे कबूल करताना लाज वाटते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सर, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मला पासष्ट टक्केही चालले असते." आज ती एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी करते आणि बरी आहे. पण ते वाक्य काही आमच्या डोक्यातून जात नाही.

आपली शाळा दाल बाजारात आहे, म्हणून एक दाखला इथलाच देतो. पोते काट्यावर चढले की काटा वजन सांगतो. आत तूर कोणत्या प्रतीची आहे, खडा किती, ओल किती, हे काटा सांगत नाही. त्यासाठी व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघतो. कॉलेजची गुणवत्ता यादी हा काटा आहे. तिथे गणितातले सत्तर आणि सोप्या विषयातले सत्तर सारखेच भरतात. कठीण विषय घेतला म्हणून आपल्याकडे कुठेही पाच गुण वाढवून मिळत नाहीत, आणि हे विद्यार्थ्यांनी आधीच समजून घ्यावे. पण पात्रतेचा नियम हा तळहात आहे. तिथे किती गुण हे नंतर, आधी तो विषय होता की नाही हे पाहतात. आणि विषय नसेल तर शहाऐंशी टक्केही उपयोगाचे नाहीत. त्या मुलीच्या बाबतीत आम्ही काट्याकडे बघितले, तळहाताकडे बघितलेच नाही.

असेच दुसरे उदाहरण एमसीएचे. आपल्याकडची पुष्कळ मुले बारावीला वाणिज्य घेतात, गणित सोडतात, बीकॉम करतात आणि मग संगणकाकडे वळू पाहतात. एमसीएला बीसीए किंवा संगणकाची पदवी असलेली मुले बसू शकतात. बीए, बीकॉम, बीएस्सी झालेलेही बसू शकत, पण पूर्वीच्या नियमाप्रमाणे बारावीला किंवा पदवीला गणित असेल तरच. तेव्हा बीकॉमला साठ टक्के मिळवून गणित घेतलेला मुलगा आत जाई, ऐंशी टक्क्यांचा बिनगणिताचा बाहेर राही. त्याने तीन वर्षे मेहनत केली नव्हती असे नाही.

आता कुणी म्हणेल, मग कठीण विषयाला किंवा कठीण बोर्डाला जास्त वजन द्यायची पद्धत सरकारने का काढू नये? काढून पाहिली आहे. आपल्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना ती आठवत असेल. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशाला राज्य मंडळाची, सीबीएसईची आणि आयसीएसईची मुले एकाच रांगेत उभी असतात. राज्य मंडळाच्या पालकांचे म्हणणे असे की दुसऱ्या बोर्डांत गुण सढळ मिळतात. दुसऱ्या बोर्डांच्या पालकांचे म्हणणे की आमचा अभ्यासक्रमच अवघड. २००८ साली सरकारने सगळ्यांचे गुण एका मापात आणण्यासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आणले. ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना आणि दहा टक्के बाकीच्यांना, असा निर्णय झाला. तोही उच्च न्यायालयाने रद्द केला. २०१० साली 'बेस्ट ऑफ फाइव' आले, म्हणजे ज्या पाच विषयांत जास्त गुण तेवढेच धरायचे. उच्च न्यायालयाने ते नाकारले, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तीन वर्षांत तीन सूत्रे, आणि प्रत्येक पावसाळ्यात हजारो मुले कॉलेजविना घरी बसलेली. शेवटी जे टिकले त्याने अवघड विषयाचे वजन वाढवले नाही. उलट जो विषय सर्वांत जड, तोच टक्क्यांतून वगळता येऊ लागला.

आपल्या मध्य प्रदेश मंडळानेही दहावीला काही वर्षे 'बेस्ट ऑफ फाइव' चालवले होते. सहापैकी एका विषयात नापास असला तरी मुलगा उत्तीर्ण. त्या वर्षांत आपल्या शाळेचे परीक्षाफळ सुधारले आणि वार्षिक अहवालात आम्ही ते अभिमानाने लिहिले. वगळला जाणारा विषय बहुतेक वेळा गणित किंवा इंग्रजी असायचा, हे अहवालात लिहिले नाही.

देशाच्या पातळीवरही हाच खटाटोप झाला. २०१३ ते २०१६ या वर्षांत जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना चाळीस टक्के वजन होते, आणि बोर्डाबोर्डांतला फरक काढण्यासाठी आधी ते गुण पर्सेंटाइलवर आणून समान करत. २०१७ पासून ते बंद झाले. त्या पद्धतीचा एक अवशेष मात्र उरला आहे आणि तो पालकांनी लक्षात ठेवावा. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला जेईईशिवाय बारावीला पंचाहत्तर टक्के लागतात, किंवा आपापल्या बोर्डाच्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव असावे लागते. ज्या बोर्डाचा पेपर कडक, तिथे हा दुसरा पर्याय उपयोगी पडतो. अनुसूचित जाती-जमातींना टक्के कमी लागतात. दिल्ली विद्यापीठात २०२१ साली काही कॉलेजांची पहिली यादी चक्क शंभर टक्क्यांवर लागली होती. काट्याला याहून वर आकडाच नाही. दुसऱ्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्यांनी बारावीचे टक्के बाजूला ठेवून सीयूईटी ही सामाईक परीक्षा घेतली. तिथे विषयाचाच पेपर द्यावा लागतो. सोप्या विषयांनी फुगलेले टक्के तिथे कामाला येत नाहीत.

आता एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाण्याविषयी. ही गोष्ट पूर्वी सोपी होती. ग्वाल्हेरचे व्हिक्टोरिया कॉलेज, आजचे महारानी लक्ष्मीबाई कॉलेज, एके काळी आग्रा विद्यापीठाशी जोडलेले होते. अटलबिहारी वाजपेयी इथे बीए झाले आणि एमएला कानपूरच्या डीएव्ही कॉलेजात गेले, तेही आग्रा विद्यापीठाचेच. विद्यापीठ एक, पेपर एक, म्हणून कुणाचा अभ्यासक्रम कठीण हा वाद फारसा उठत नसे. १९६४ मध्ये आपले जिवाजी विद्यापीठ झाले. आज तर शहरात स्वायत्त संस्था, खाजगी विद्यापीठे, केंद्राची संस्था असे सगळेच आहे, आणि प्रत्येकाचा पाठ्यक्रम वेगळा.

नव्या शिक्षण धोरणाने यावर क्रेडिटचा उपाय काढला. मध्य प्रदेशाने ते पदवीला २०२१-२२ पासून लागू केले. विद्यार्थ्याने शिकलेल्या प्रत्येक पेपरचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होते, सात वर्षांपर्यंत राहते आणि दुसऱ्या संस्थेत नेता येते. मात्र जिथून पदवी हवी तिथे निम्मे क्रेडिट तरी कमवावे लागतात. ऐकायला हे बँकेच्या पासबुकासारखे वाटते. पण पासबुकातला रुपया कुठल्याही दुकानात रुपयाच असतो, क्रेडिटचे तसे नाही. नवे कॉलेज विचारते, कशाचे क्रेडिट? भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात यायचे आणि मागे कॅल्क्युलस शिकलेला नाही, तर व्यक्तिमत्त्व विकासाच्या चार क्रेडिटांनी ती जागा भरत नाही. तो पेपर नव्याने द्यावा लागतो आणि वर्ष लांबते. म्हणून वैकल्पिक विषय निवडताना आपल्या माजी विद्यार्थ्यांनी 'यात सर गुण सोडतात' एवढेच बघू नये. पुढच्या ठिकाणी हा विषय मोजला जाईल का, हे आधी विचारावे.

काही पालकांची मुले, भाचे, पुतणे अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडून आपल्याला नेहमी ऐकू येते की तिकडे कॉलेज बदलणे फार सोपे. कॅलिफोर्नियात ते खरेच रीतसर आहे. १९६० च्या राज्यव्यापी योजनेपासून तिथे अशी सोय आहे की मुलाने दोन वर्षे घराजवळच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात शिकावे आणि तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जावे. त्यासाठी साठ सेमिस्टर युनिट लागतात. पण गंमत अशी की शाळेतून थेट येणाऱ्या मुलाला अवघड दर्जाच्या विषयांसाठी तिथे सरासरीत जादा गुण धरतात, आणि कम्युनिटी कॉलेजातून बदली घेणाऱ्याला धरत नाहीत. त्याची सरासरी जशी आहे तशीच घेतात. मग त्याने सोपेच विषय घ्यावेत काय? तसेही नाही. संगणक किंवा इंजिनिअरिंगकडे जायचे तर कॅल्क्युलस, रेखीय बीजगणित, भौतिकशास्त्र हे ठरलेले पेपर आधी पूर्ण करून यायचे असतात. सोप्या विषयांत सगळीकडे ए श्रेणी आणि ते पेपर नाहीत, अशा मुलाचा अर्ज त्या शाखेसाठी मागे पडतो. म्हणजे सात समुद्रांपलीकडेही काटा आणि तळहात वेगळेच.

आता उलट बाजू. ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दारे सैल होत आहेत. २०२१ साली एआयसीटीईने काही शाखांसाठी बारावीचे गणित किंवा भौतिकशास्त्र सक्तीचे नाही असे ठरवले, त्यावर खूप टीका झाली आणि कमी पडलेला विषय ब्रिज कोर्सने भरून काढावा असे सांगण्यात आले. २०२५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार तर बारावीला कोणतेही विषय घेतलेले असोत, राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास त्या विषयाच्या पदवीला जाता येते. हे चांगलेच आहे. ज्या मुलांची निवड दुसऱ्यांनीच करून दिली, त्यांना आणखी एक संधी मिळते. पण दार रुंद झाले म्हणून आतला वर्ग सोपा होत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला गणिताचा पेपर असतो, आणि तो बारावी झाली असे धरूनच शिकवला जातो.

आपला आणखी एक विद्यार्थी सांगतो. बारावीला गणित घेऊन एकसष्ट टक्के. त्याच्या आईने तेव्हा आम्हाला चार शब्द सुनावले होते, आणि फलकावर त्याचे नाव लागले नाही. त्याने इथल्याच सरकारी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट गेला. डिप्लोमाच्या मुलांना पहिल्या वर्षाचे गणित न शिकता दुसऱ्या वर्षाचे सोडवावे लागते. त्याचा गणिताचा एक पेपर राहिला, दुसऱ्या वेळेस निघाला. तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, बारावीची वही फेकली नव्हती म्हणून निघाला." आम्हाला हसू आले, पण त्याने खरेच ती वही जपली होती.

याचा अर्थ प्रत्येकाने गणित घ्यावे असा कुणी काढू नये. ज्या मुलीला इतिहास, संगीत किंवा कायदा शिकायचा आहे तिला बळेच गणितात बसवणे हाही अन्यायच. ग्वाल्हेरात राहून संगीताला सोपा विषय म्हणणारे पालक भेटतात तेव्हा आम्ही त्यांना एक तास तानपुऱ्यावर बसायला सांगतो. कठीण काय आणि सोपे काय हे मुलागणिक बदलते. पात्रतेचा नियम मात्र मुलागणिक बदलत नाही.

सीबीएसईत गेलेल्या भावंडांसाठीही एक सूचना. तिथे मार्च २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताचे दोन पेपर आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम एकच, वर्गात शिकवणेही एकच, फक्त पेपर सोपा. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे बेसिक घेतलेल्याला अकरावीत नेहमीचे गणित मिळत नसे. त्याआधी पूरक परीक्षेत स्टँडर्डचा पेपर उत्तीर्ण व्हावे लागे, नाहीतर अप्लाइड मॅथेमॅटिक्स घ्यावे लागे. कोविडच्या काळात मंडळाने यात सवलत दिली होती. म्हणून शेजारच्या दादाचे ऐकून न चालता त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. आणि हा निर्णय नववी-दहावीतच होतो, अकरावीत नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

विश्वस्त मंडळासमोर आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे. दाराजवळच्या फलकावर नाव आणि टक्के यांच्या शेजारी मुलाने घेतलेले विषयही लिहावेत, आणि खाली तीन वर्षांनंतर कोण कुठे शिकत आहे त्याची वेगळी यादी लावावी. बैठकीत एका आदरणीय सदस्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे, शेजारच्या शाळा पंच्याण्णव टक्क्यांचे बॅनर लावतील आणि आपण गणितातले अडुसष्ट दाखवत बसू, मग पुढच्या वर्षी पहिलीत मुले कुठून येणार? हे म्हणणे आम्ही खोटे मानत नाही. मराठी घरे लश्करमधून पांगली आहेत, पटसंख्या कशी टिकते हे आम्हाला रोज हजेरीत दिसते. एक-दोन वर्षे याची किंमत मोजावी लागेल असे आम्हालाही वाटते. तरीही प्रस्ताव मागे घेतलेला नाही. पुढच्या बैठकीत पालक प्रतिनिधींनीही आपले मत मांडावे.

फलकाचे व्हायचे ते होईल, पण या वर्षीपासून एवढे नक्की करणार आहोत. अकरावीचा विषय बदलण्याचा किंवा गणित सोडण्याचा अर्ज कार्यालयात एकदम स्वीकारला जाणार नाही. आधी विद्यार्थी आणि पालक दोघांनी आमच्याकडे यावे. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास आम्ही याच कामासाठी बसू. येताना नववी आणि दहावीची अंकसूची आणावी, आणि शक्य असेल तर गणिताच्या वह्याही. मुलाला पुढे काय करावेसे वाटते ते त्याने स्वतः एका कागदावर लिहून आणावे, दोन-तीन गोष्टी असल्या तरी चालतील. त्या प्रत्येकीचा चालू वर्षाचा पात्रता नियम आमच्या फाइलीत असेल. तो मुलाने आमच्यासमोर मोठ्याने वाचायचा, 'आणि'च्या पुढचा भागसुद्धा. अर्ज त्यानंतर भरू.